रसग्रहणातलं ‘साधी, सोपी, ओघवती’ आता पुरे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘आजच्या मुलांना उपरोध कळत नाही, त्यांना सगळं सरळच घ्यायची सवय लागली आहे’, अशा आशयाचं एका वाचकांचं पत्र आपल्या अंकात वाचलं. त्यांची कळकळ खरी आहे, निदान मात्र चुकलं आहे. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. उशिरा आलेल्या मुलाला ‘वा, आज फारच लवकर!’ म्हटलं तर तो घड्याळाकडे बघत नाही, मान खाली घालतो. मोबाइलवर मैत्रिणीचं नुसतं ‘बरं’ आलं आणि त्यापुढे पूर्णविराम असला, की मुलगी संध्याकाळभर अस्वस्थ असते. तेच ‘बरंऽऽ’ असतं तर तिचं काही बिघडलं नसतं. टोमणा, तुटकपणा, लाडीगोडी, कुत्सितपणा यातलं काही म्हणजे काही या मुलांच्या नजरेतून सुटत नाही. फक्त तीच मुलगी पाठ्यपुस्तक उघडते, तेव्हा लेखक धड्यातल्या नायकाची मजेत टर उडवतो आहे हे तिला दिसत नाही. ती त्याचे ‘गुण’ लिहून काढते.

दोष मुलांचा नाही. आम्ही त्यांना जे शिकवलं तेच ती लिहितात. रसग्रहणाचं उत्तर त्यांना पाठ असतं. ‘कवीची भाषा साधी, सोपी व ओघवती आहे. शब्दांची निवड समर्पक आहे. कवितेतून अमुक रसाचा प्रत्यय येतो.’ मधला ‘अमुक’ बदलला की हे उत्तर पाळण्यापासून पोवाड्यापर्यंत कशालाही चालतं. गाइडवाले ते छापतात, मुलं ते उतरवतात, आणि उत्तरपत्रिका तपासताना आमच्या हाती जी नमुना उत्तरं पडतात त्यांतही रसाचं नाव आलं की गुण द्यायचा असतो. ते नाव कुठल्या शब्दावरून ठरवलं, हे कुणी विचारत नाही. मग मुलं विषय बघून ठरवतात. मरण असेल तर करुण, डोंगर-झरे असतील तर शांत, देव असेल तर भक्ती. कविता वाचायची गरजच उरत नाही.

या हिशेबात जनाबाईंचं काय होतं बघा. त्यांच्या नावावरच्या एका अभंगाची सुरुवात आहे, ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’. समोर विठ्ठल आहे, तेव्हा उत्तर तयार: भक्तिरस. ते चूक नाही, पण त्याने हाती काहीच लागत नाही. विठ्ठलाचं इथे ‘विठ्या’ झालं आहे. वर ‘अरे’ आहे. आणि ‘कारट्या’ ही शिवी खरी, पण परक्या माणसाला कुणी कारट्या म्हणत नाही. घरातल्या, हक्काच्या पोरावर चिडलं की हा शब्द तोंडात येतो. ‘बाई, देवाला शिव्या कशा देतात?’ हा प्रश्न वर्गात हमखास येतो आणि मी त्याची वाटच बघत असते. मी उलट विचारते, तुम्ही अशी शिवी कुणाला देऊ शकता? मुलं एकमेकांकडे बघतात, आणि उत्तर बाकावरूनच येतं: ज्याच्याशी कितीही भांडलं तरी तुटणार नाही, त्यालाच. एवढं त्यांच्या तोंडून आलं, की मग भक्तिरस हा शब्द वापरा नाहीतर वापरू नका. अभंग कळलेला असतो.

शिक्षिका होण्याआधी मी हौशी आणि प्रायोगिक नाटकांतून कामं केली. तालमीत चांगला दिग्दर्शक ‘हे वाक्य दुःखाने म्हण’ असं कधी सांगत नाही. तो विचारतो: कुणाला सांगते आहेस? त्याच्याकडून तुला काय हवं आहे? खोलीत आणखी कोण आहे? शेवटच्या प्रश्नाने तर वाक्य पार फिरतं. पुढे एम.ए.ला काव्यशास्त्र वाचताना मम्मट भेटला आणि मला हसू आलं. अकराव्या शतकातल्या या काश्मिरी पंडिताने ‘काव्यप्रकाशा’त, सरळ अर्थाच्या आतून दुसरा अर्थ कशामुळे ऐकू येतो, याची यादीच दिली आहे. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आवाजाचा हेलकावा म्हणजे काकू, वाक्य, त्याचा वरवरचा अर्थ, जवळ तिसरं कुणी आहे का, प्रसंग कोणता, जागा कोणती, वेळ कोणती. तालमीतले सगळे प्रश्न त्यात होते. त्यातलं ‘जवळ तिसरं कुणी’ समजावायला मला काहीच कष्ट पडत नाहीत. ‘लेकी बोले सुने लागे’ आपल्याकडे आहेच.

ही यादी सोप्या मराठीत माझ्या फळ्याच्या कोपऱ्यात कायम असते. उतारा कोणताही असो, आधी कोण, कुणाला, कुणाच्या देखत, कधी. रसाचं नाव सगळ्यांत शेवटी, आणि वेळ उरला तरच.

नाटकातून आल्यामुळे एक धोकाही मला नीट माहीत आहे, तो म्हणजे प्रकट वाचन. ज्याचा आवाज चांगला तो मुलगा कुठलाही परिच्छेद गहिवरून वाचतो, वर्ग टाळ्या वाजवतो, पाहुणे शाबासकी देतात. पण तो गहिवर लेखकाने लिहिला होता की या पठ्ठ्याने वरून ओतला, हे कुणी बघत नाही. भरताने नाट्यशास्त्रात पाठ्याचे, म्हणजे नटाने म्हणायच्या मजकुराचे, उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत आणि विलंबित असे सहा अलंकार सांगितले, ते नटाच्या कामाचे. लेखकाला आवाज चढवता येत नाही की भुवई उचलता येत नाही. त्याने जे केलं ते शब्दांच्या निवडीत, त्यांच्या क्रमात, वाक्याच्या लांबीत आणि फार तर विरामचिन्हांत. म्हणून ‘बाई, इथे लेखक चिडलाय’ असं कुणी म्हटलं की मागच्या बाकावरून आरोळी येते, ‘कागदावर दाखव!’ वर्गात ही आता म्हणच पडून गेली आहे.

आणि मराठीत कागदावर दाखवण्यासारखं भरपूर आहे. ‘तो आला’ एवढंच वाक्य फळ्यावर लिहायचं. बातमी बदलायची नाही, फक्त एखादा शब्द घालायचा किंवा जागचा हलवायचा. तो आलाच. तोही आला. आला तो. आला एकदाचा. आला बिचारा. आला म्हणे. आले साहेब. ‘आलाच’मध्ये ‘सांगितलं नव्हतं मी?’ ही कुरकुर आहे, नाहीतर येऊ नको म्हणूनही टपकल्याची चीड. ‘एकदाचा’त वाट बघून बघून आलेला वैताग आणि सुटकाही. ‘आला म्हणे’ म्हणणारा बातमीपासून हात झटकून उभा आहे. उद्या ती खोटी निघाली तर तो म्हणणार, मी कुठे पाहिलं होतं? मुलांची सगळ्यांत जास्त भांडणं ‘आले साहेब’वर होतात. हे वाक्य खरोखरच्या साहेबांबद्दल, त्यांच्या समोर असेल तर आदर. तेच दुपारी उठलेल्या धाकट्या भावाबद्दल असेल तर? आदरार्थी बहुवचनाचा अनादरासाठी केवढा उपयोग होतो, हे व्याकरणाच्या कुठल्याच पुस्तकात मुलांना मिळत नाही, पण घरी ती रोज ऐकतात. ‘च’, ‘ही’, ‘मात्र’ यांना शुद्ध शब्दयोगी अव्ययं म्हणतात, हे आम्ही घोकून घेतो. ती वाक्यात शिरून काय उलथापालथ करतात, तिकडे बघायला मात्र आम्हाला सवड नसते.

आधी सूर ओळखायला शिकवा, लिहिणं पुढे बघू, असं आमच्यातले अनेक जण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याने स्वतः एक टोमणा नीट लिहून पाहिला, त्याला दुसऱ्याचा टोमणा लांबून दिसतो. लिहिताना मी काही बंद्या घालते. भावनेचं नाव घ्यायचं नाही. राग, दुःख, आनंद सगळं वर्ज्य. उद्गारचिन्ह नाही. ‘खूप’, ‘फार’, ‘अतिशय’ नाही. पहिल्यांदा वर्ग हवालदिल होतो, कारण निबंधाचं निम्मं भांडवलच काढून घेतलेलं असतं.

एक उदाहरण देते. एक माणूस वारला, बातमी एवढीच. सांगणारे वेगवेगळे: दवाखान्यातली नोंद, शेजारी, त्याची मुलगी आणि त्याला उसने पैसे दिलेला एक जण. आधी क्रियापदावरच झुंबड उडाली. निधन झालं, वारले, गेले, देवाज्ञा झाली, खपला, गचकला. कोणतं कुणाच्या तोंडी? नोंदीत ‘मृत घोषित’ येईल हे एका मुलीने लगेच सांगितलं. तिथे मरणाऱ्याने मरायचंही काम केलेलं नसतं, कुणीतरी घोषित करतं. उसने पैसे देणाऱ्याचं एका मुलाने लिहिलं ते असं: ‘गेले. भला माणूस. शब्दाचे पक्के. पहिल्या तारखेला नक्की देतो म्हणाले होते.’

मी त्याला शेवटचं वाक्य झाकायला सांगितलं. ते झाकलं की उरते ती श्रद्धांजली, अगदी सरळ. उघडलं की ‘शब्दाचे पक्के’ मागच्या मागे फिरतं. आणि तरीही माणूस वाईट होता असं वाटत नाही, सांगणारा दुष्ट आहे असंही नाही. पैसे बुडाल्याची हळहळ आणि माणूस गेल्याची हळहळ एकातच मिसळली आहे. कुणीतरी विचारलं, ‘बाई, याला काय म्हणायचं?’ तेव्हा कुठे मी व्याजस्तुती, म्हणजे स्तुतीच्या आडून निंदा, हा शब्द फळ्यावर लिहिला, आणि इथे ती पूर्ण व्याजस्तुती का नाही यावर तास संपला. एका मुलीने त्या वारलेल्या माणसाच्या मुलीच्या तोंडी लिहिलं, ‘बाबांचा चष्मा अजून टीव्हीवर आहे. कुणी हलवायचा नाही म्हणून सांगितलंय मी.’ यात बातमीच नाही, अशी शेजारच्याने तक्रार केली. मी म्हटलं, आहे, शोध. ‘अजून’ त्याला सापडायला बराच वेळ लागला.

सगळंच असं जमतं असं नाही. उपरोध लिहा म्हटलं की बहुतेक मुलं तो कुदळीने मारतात. ग्रंथपालाने, न चिडता, पुस्तकं परत न करणाऱ्यांसाठी सूचना लिहायची होती. एका गटाने वाचनप्रेमाचं कौतुक, ज्ञानाची तहान, थोर परंपरा असं पानभर लिहिलं. तिसऱ्या ओळीलाच वाचणाऱ्याला कळतं की आपल्याला चिमटा काढताहेत, मग उरलेल्या पानाचं काय करायचं? त्यांना ते कापत कापत आणायला लावलं. शेवटी उरलं ते असं: ‘ज्यांची पुस्तके अद्याप वाचून व्हायची आहेत, त्यांनी सावकाश वाचावीत. त्यांच्या नावांची यादी दारावर लावली आहे.’ उपरोध कमी लिहायचा असतो हे त्यांना व्याख्येतून कधीच पटलं नसतं.

वर्तमानपत्राच्या वाचकांना जवळचं उदाहरण टिळकांचं. १८९७ सालच्या ‘केसरी’तल्या अग्रलेखाचा मथळा सगळ्यांना तोंडपाठ आहे: ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ परीक्षेत यावर प्रश्न आला तर मुलं ‘निर्भीड’ लिहून मोकळी होतात. पण निर्भीडपणा नेमका कशात आहे? मथळा जरा बिघडवून बघा. ‘सरकारचा विवेक सुटला आहे काय?’ म्हणणं तेच, पण झाली सभ्य तक्रार. ‘सरकारचे मस्तक ठिकाणावर आहे काय?’ हे हास्यास्पद. ‘सरकारचे डोके ठिकाणावर नाही’ हे विधान झालं. ते खोडून काढता येतं. ‘आहे काय?’ला सरकारने उत्तर काय द्यायचं, ‘हो, आहे’? डोकं ठिकाणावर आहे का, हा घरातल्या मोठ्याने धाकट्याला विचारायचा प्रश्न. इथे तो प्रजेतला एक माणूस साम्राज्याला विचारतो. मोठा कोण आणि धाकटा कोण, हे त्या एका घरगुती शब्दप्रयोगाने उलटं करून टाकलं. बिघडवून बघणं ही माझी लाडकी युक्ती आहे. तयारी लागत नाही, साहित्य लागत नाही, आणि मुलांना मोडतोड करायला आवडतेच.

एक जागा अशी आहे जिथे मुलं खरोखर अडखळतात, आणि पत्रलेखकांचा रोख बहुधा तिकडे असावा. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा, असं जिथे असतं तिथे. ‘गलिव्हर’वाल्या जोनाथन स्विफ्टने १७२९ साली आयर्लंडमधल्या दारिद्र्यावर एक प्रस्ताव लिहिला: गरिबांची वर्षभराची मुलं श्रीमंतांच्या जेवणासाठी विकावीत. प्रस्ताव मांडणारा गृहस्थ सभ्य, हिशेबी, लोककल्याणाची तळमळ असलेला. त्याच्या बोलण्यात राग औषधालाही नाही. राग आहे तो स्विफ्टचा, आणि तो सगळा त्या थंड हिशेबात आहे. आपल्याकडे चिमणराव स्वतःच्या फजित्या गंभीर चेहऱ्याने सांगतो, आणि चिं. वि. जोशी त्याच्या पाठीमागून आपल्याकडे बघून हसतात. अशा लेखनाचा ‘सूर कोणता?’ हा एकवचनी प्रश्न मुलांना गोंधळात टाकणारच. मी वहीत दोन रकाने पाडायला सांगते. एकात, सांगणाऱ्याला काय वाटतं. दुसऱ्यात, लिहिणाऱ्याला या सांगणाऱ्याबद्दल काय वाटतं. दोन्ही रकाने सारखे भरले तर उपरोध नाही. इतकं साधं हत्यार हाती दिलं की नववीतली मुलंही सहसा फसत नाहीत.

आता गुणांचं. सूर म्हणजे ज्याचं त्याचं, त्याला गुण कसे द्यायचे, ही हरकत मी प्रत्येक प्रशिक्षणात ऐकते. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावं झाकून विद्यार्थ्यांना कविता दिल्या आणि आलेल्या उत्तरांवर १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे पुस्तक लिहिलं. भली भली मुलं कशी वाट चुकतात ते त्यात आहेच, पण आम्हा शिक्षकांच्या कामाची गोष्ट वेगळी. त्यांनी अर्थाचे चार पदर सांगितले: म्हणणं काय, विषयाबद्दल भावना काय, ऐकणाऱ्याशी वागणं कसं, आणि हेतू काय. सूर त्यांच्या लेखी तिसऱ्या पदरात येतो. आमची प्रश्नपत्रिका दुसऱ्याशी थांबते. ऐकणाऱ्याचा विचार तिच्यात नाहीच, म्हणून उत्तरं हवेत तरंगतात आणि तपासणाऱ्याला ‘ज्याचं त्याचं’ वाटतात.

माझी सूचना अशी: पाच ओळींचा न पाहिलेला उतारा द्यावा. माहिती तीच ठेवून दुसऱ्या कुणाला तरी उद्देशून तो पुन्हा लिहायला सांगावा, आणि खाली कोणत्या दोन-तीन शब्दांनी सूर बदलला ते दाखवायला सांगावं. पहिल्या भागावर तपासनिसांचे मतभेद होतील, होऊ देत. दुसऱ्या भागात शब्द समोर असतो. मुलाने दाखवला किंवा नाही दाखवला. ‘साधी, सोपी, ओघवती’ला डोळे मिटून गुण देण्यापेक्षा हे कितीतरी वस्तुनिष्ठ आहे. शिवाय याचं उत्तर कुठल्याही गाइडला आधी छापता येणार नाही.

वेळ कुठून आणायचा, असं सहकारी विचारतात. माझ्याकडे तासाची पहिली दहा मिनिटं यासाठी असतात, रोज नव्हे, जमेल तेव्हा. विषयही लागत नाही. फ्रेंच लेखक रेमों क्वेनो यांनी १९४७ साली एक किरकोळ प्रसंग, बसमधल्या गर्दीत लांब मानेच्या तरुणाची झालेली वादावादी, ९९ प्रकारे लिहून पुस्तक केलं. आमच्या वर्गात डब्याचं झाकण पडल्याचा प्रसंग गेला महिनाभर चालू आहे. सर्वांत चांगला सूर अजून तरी शिपाईमामांच्या तोंडचा निघाला आहे.

संपादक महाशय, पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर क्वेनो जाऊ द्या, रिचर्ड्स जाऊ द्या, माझी नाटकंही जाऊ द्या. जनाबाईंची ओळ मात्र ठेवावी, आणि ‘कारट्या’च्या जागी टिंबं घालू नयेत, ही विनंती.

आपली नम्र,
एक मराठी शिक्षिका
(नाव प्रसिद्ध करू नये)